स्वतःची आर्ट स्पेस सुरू करताय? जागा नंतर, आधी माणसं

आर्ट स्पेस, म्हणजे विक्रीसाठी नाही तर कलेसाठी कलाकारांनी मिळून चालवलेली जागा, सुरू करायची म्हणताय? मस्त, करा सुरू. ट्रस्ट, रजिस्ट्रेशन, ग्रँट हे सगळं सध्या बाजूला ठेवा, त्याला वेळ आहे.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पहिल्याच महिन्यात मोठी जागा भाड्याने घेणं, मग भाडं निघावं म्हणून विकली जाणारीच चित्रं लावायची आणि बघता बघता तुमचीही एक गॅलरी होऊन बसते, वर तीही न चालणारी. चार-पाच भरवशाचे लोक आणि कुणाचा तरी रिकामा हॉल, एवढ्यावर दोन कार्यक्रम करून बघा.

- पैसे, किल्ल्या, साफसफाई कोणाकडे ते लिहून ठेवा. भांडणं कलेवरून कमी, झाडू आणि वीजबिलावरून जास्त होतात.
- कलाकाराला काहीतरी द्याच, निदान मटेरियल आणि प्रवासखर्च. 'एक्स्पोजर मिळेल' हे कृपया म्हणू नका.
- उद्घाटनाची गर्दी मोजू नका.

वस्तीत काम करणार असाल तर थेट भिंत रंगवायला घेऊ नका, आधी नुसतं जात राहा, ऐका. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या रिक लो या कलाकाराला एका शाळकरी मुलाने विचारलं होतं, आमचे प्रॉब्लेम आम्हाला माहीत आहेत, ते चित्रात कशाला दाखवता, उपाय का नाही करत? पुढे १९९३ मध्ये रिक लोने आणखी सहा कलाकारांसोबत 'प्रोजेक्ट रो हाउसेस' सुरू केलं, २२ जुनी घरं, काहींत कला आणि नंतर काहींत एकट्या तरुण आयांची राहायची सोय. इतकं मोठं लगेच नको हां!

पहिला कार्यक्रम झाला की खर्चाचा हिशोब इथे टाका, मग पुढचं बोलू.