विभागात फ्लो सायटोमीटर नाही, सॅम्पल मुंबईला पाठवू का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: सिकलसेलच्या रुग्णांच्या रक्तातल्या टी पेशींवर पीएचडी, नागपूरच्या विद्यापीठातल्या विभागात फ्लो सायटोमीटर (रंग लावलेल्या पेशी लेझरखाली एकेक मोजणारं मशीन) नाही, गाईड म्हणतात सॅम्पल मुंबईला पाठवून मोकळे व्हा, आणि तुमच्या मनात आहे की मशीनची ग्रँट येईपर्यंत थांबावं. मी बरीच वर्षं अशाच एका सामायिक केंद्रात फ्लोच्या मशीनवर काम केलं आहे. त्यावरून सांगतो, थांबू नका आणि घाईने पाठवूही नका. आधी मशीन चालवणाऱ्या माणसाला भेटा, तेही पहिली अँटीबॉडी (पेशीवरच्या खुणेला चिकटणारं, रंग लावलेलं प्रथिन) मागवण्याच्या आधी.

ग्रँटचा विचार सोडा. मशीन येतं, पण त्याची एएमसी (वार्षिक देखभाल करार), चोवीस तास एसी, यूपीएस आणि मुख्य म्हणजे पूर्णवेळ ऑपरेटर यांचे पैसे दरवर्षी कोण देणार हा प्रश्न सुटत नाही. प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलेली महागडी मशीन बघितली की आजही जीव तुटतो. सरकारी पैशातून घेतलेली उपकरणं बाहेरच्या संशोधकांनाही वापरू द्यावीत यासाठी केंद्राने 2022 मध्ये 'श्रीमान' मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यामुळे दुसऱ्या संस्थेत विचारायला जाताना उपकार मागतोय असं वाटून घेऊ नका.

शोध 'आय-स्टेम' या संशोधन उपकरणांच्या सरकारी पोर्टलवरून सुरू करा. 2020 पासून ते सुरू आहे, शहर आणि उपकरणानुसार यादी मिळते. पण यादीत असणं वेगळं आणि मशीन आज चालू असणं वेगळं, ते फोन केल्यावरच कळतं. नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), एम्स, मोठी खाजगी रुग्णालयं, सगळीकडे विचारा. रुग्णालयातलं फ्लो बहुधा ल्युकेमियाच्या तपासणीसाठी असतं. रुग्णांची सॅम्पल आधी लागणार आणि तेच योग्य आहे, म्हणून दुपारनंतरचा स्लॉट मागा. एक खबरदारी: फक्त सीडी4 (टी पेशींचा एक प्रकार) मोजणारी छोटी मशीनंही असतात. त्यांवर तुमचा बहुरंगी पॅनल (एकत्र वापरायच्या अँटीबॉडींचा संच) चालणार नाही.

पहिल्या भेटीला एकच कागद न्या: कोणते मार्कर (पेशीवरच्या खुणा), कोणते रंग, एका दिवशी किती सॅम्पल. ऑपरेटर सर किंवा मॅडम आधी लेझर सांगतील. मशीनवर 488 नॅनोमीटरचा निळा आणि 640चा लाल एवढेच लेझर असतील आणि तुम्ही बीव्ही421 हा रंग लावलेली अँटीबॉडी घेऊन बसलात, तर ती वाया गेली, कारण तिला 405चा जांभळा लेझर लागतो. एकेक कुपी हजारो रुपयांची असते आणि उघडलेली कंपनी परत घेत नाही.

आता तुमच्या विषयातली खरी मेख. सिकलसेलचं रक्त नेहमीच्या लायसिस बफरला (लाल पेशी फोडणाऱ्या द्रावणाला) नीट दाद देत नाही. त्यातल्या बऱ्याच लाल पेशी फुटतच नाहीत, शिवाय केंद्रक असलेल्या लाल पेशीही असतात, आणि हे सगळं स्कॅटर प्लॉटवर (पेशींनी विखुरलेल्या प्रकाशाच्या आलेखावर) लिम्फोसाइटच्या, म्हणजे टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींच्या, जागी येऊन बसतं. लायसिसची वेळ वाढवत नेली तर पांढऱ्या पेशी खराब होतात. धुऊन पुन्हा एकदा लायसिस करून बघा. फिकॉल या पांढऱ्या पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रावणावरही त्या पेशींचा थर (बफी कोट) लालसर येतो, त्याने घाबरू नका. पॅनलमध्ये सीडी45 (पांढऱ्या पेशींचा मार्कर) हवाच. गेट (हव्या त्या पेशी निवडायची आलेखावरची चौकट) सीडी45 आणि साइड स्कॅटरवर (बाजूला विखुरलेल्या प्रकाशावर) काढा, नुसत्या आकारावर विसंबू नका. मेलेल्या पेशींसाठी व्हायबिलिटी डाय, प्रत्येक रंगाची सिंगल स्टेन ट्यूब (फक्त तो एकच रंग लावलेली), एक अनस्टेन्ड (रंग न लावलेली) आणि निदान महत्त्वाच्या मार्करसाठी एफएमओ (तो एक सोडून बाकी सगळे रंग लावलेली ट्यूब). मशीनला लावण्याआधी 40 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा. एका गुठळीने नळी तुंबली की मागच्या सगळ्यांचा दिवस गेला. रुग्णाला नुकतंच रक्त चढवलंय का, हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलवरचं औषध) सुरू आहे का, हे फॉर्मवर त्याच दिवशी लिहून घ्या. नंतर फाइल शोधून ते सापडत नाही.

बाहेर पाठवायचंच झालं, तर पुण्याचं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) आणि नवी मुंबईत खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) इथे फ्लोची चांगली सोय आहे. रक्त तसंच पाठवू नका. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसला टेकतो, कुरिअरच्या गाडीत किती होत असेल विचार करा. बर्फाला चिकटलेली ट्यूबही रक्त फोडते. इथेच स्टेन करून (अँटीबॉडी लावून) पॅराफॉर्मल्डिहाइडने फिक्स करा (पेशी आहेत तशा पक्क्या करा), अंधारात 4 अंशांना ठेवून न्या. पीई-साय7सारखे जोडरंग प्रकाशात आणि फिक्सेशनने बिघडतात, म्हणून सिंगल स्टेन ट्यूबही त्याच पद्धतीने फिक्स करून सोबत न्या. सोमवारी निघा, शुक्रवारी नको, शनिवार-रविवार पेटी कुठेतरी पडून राहते. जमलं तर स्वतः जा. मशीनवर शेजारी बसून पाहिलेला एक दिवस पुढे थिसिसच्या तोंडी परीक्षेत कामी येतो.

एथिक्स कमिटीच्या अर्जात सॅम्पल दुसऱ्या संस्थेत तपासलं जाईल हे आधीच लिहा, रुग्णाच्या संमतीपत्रातही. नंतर दुरुस्ती करून घ्यायला महिने जातात. दर विद्यार्थ्यांसाठी वेगळे असतात, क्वोटेशन लेखी मागा, जीएसटी धरून.

डेटा घेताना एफसीएस फाइलच (मशीनची मूळ कच्ची माहिती) घ्या. अहवालातल्या चित्रावरून पुन्हा गेटिंग करता येत नाही. पेपरमध्ये केंद्राचे आभार नावानिशी माना. ऑपरेटरने पॅनल आखण्यात डोकं घातलं असेल, तर लेखक म्हणून नाव देण्याबद्दल गाईडशी सुरुवातीलाच बोला. ही माणसं महत्त्वाचं काम करतात आणि त्यांची नावं फार कमी ठिकाणी दिसतात.

मार्कर आणि रंगांची यादी इथे टाका. कोणते लेझर लागतील आणि कुठले रंग एकमेकांत मिसळतील ते पाहून लिहितो.