स्टेशन हाती घेताना

प्रिय मुली,

कॉलेजच्या रेडिओची प्रोग्रॅम हेड झालीस, मनापासून अभिनंदन. तू पाठवलेलं वेळापत्रक बारकाईनं वाचलं. सकाळी कॅम्पसच्या गप्पा, दुपारी फर्माईश, संध्याकाळी गॅदरिंगच्या तयारीची खबरबात, रात्री कविता. सगळं कॉलेजनं कॉलेजसाठी केलेलं. माझी हरकत तिथंच आहे.

नियमानुसार तुमच्या केंद्राची प्रसारणाची ताकद सहसा १०० वॅटपर्यंत आणि अँटेनाची उंची ३० मीटरच्या आत. सपाट मुलखात एवढ्यावर आवाज दहाएक किलोमीटर जातो. तालुक्याच्या नकाशावर तेवढं वर्तुळ काढ आणि त्यात कोण कोण येतं ते लिहून काढ. बाजारपेठ, एसटी स्टँड, कारखान्याची वसाहत, हंगामात ऊसतोड्यांच्या कोप्या, आजूबाजूची गावं. तुमची मुलं त्या वेळी लेक्चरला असतात, नसली तर मोबाइलवर हवं ते गाणं लावतात. रेडिओ लावून बसणारा माणूस कॉलेजच्या भिंतीबाहेर आहे.

आणि त्याचा हक्क आहे तुमच्यावर. १९९५ साली क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं स्पष्ट केलं. तो निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपल्या महाराष्ट्राचे. पुढं २००२ मध्ये सरकारनं शिक्षणसंस्थांना कम्युनिटी रेडिओची, म्हणजे स्थानिक लोकांसाठीच्या छोट्या रेडिओची, दारं उघडली, २००४ मध्ये चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळाली. परवाना तुमच्या कॉलेजच्या नावावर असला, तरी तो ‘कम्युनिटी’ रेडिओचा आहे. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तिथंच तयार व्हायला हवेत, ही त्यातली अट मला सगळ्यांत मोलाची वाटते.

तू लिहिलंस की बातम्या देता येत नाहीत, मग बोलायचं काय? स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा पुनःप्रसारित करता येतात, हे खरं. पण काय चालतं ते वाच : पाणी कधी सुटणार, वीज कधी जाणार, हवामान, पूर, साथीच्या रोगाची सूचना, परीक्षा, प्रवेश, नोकरीच्या जागा, जत्रा, कुस्त्या. जिल्ह्याच्या पेपरातही तुमच्या भागाला चार ओळी मिळतात. तुमच्याकडं रोजचा अर्धा तास आहे! तो दुपारच्या फर्माईशीच्या जागी ठेव. सिनेमाच्या गाण्यांना हक्काचे पैसे मोजावे लागतात, आणि ती गाणी कुठंही मिळतात. गावातलं भजनी मंडळ मात्र दुसरीकडं कुठं ऐकायला मिळणार नाही.

रेकॉर्डर घेऊन बाहेर पडायचं तर पहिल्याच दिवशी आठवडी बाजारात जाऊ नकोस, तो गोंगाट नवख्याला आवरत नाही. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशींपासून सुरुवात कर. पंखा बंद कर, फ्रीजचा प्लग काढ, निघताना आठवणीनं परत लाव. माइक त्यांच्या हातात देऊ नकोस. तू धर, हनुवटीच्या जरा खाली, वीतभर अंतरावर, थोडा बाजूला. थेट तोंडासमोर धरलास तर ‘पाऊस’मधला ‘प’ आणि ‘भाकरी’तला ‘भ’ फटकन आदळतो, आणि तो नंतर निघता निघत नाही. ‘सकाळपासून काय काय केलंत?’ असं विचारून रेकॉर्डरवर आवाजाची लेव्हल लाव, मुलाखत त्यानंतर. त्या बोलत असताना ‘हो हो’, ‘अच्छा’ म्हणू नकोस, नुसती मान डोलाव. सगळं झालं की कुणीही न बोलता अर्धा मिनिट खोलीची शांतता रेकॉर्ड कर, एडिटिंगमध्ये जोड दिलेल्या जागी तीच खाली भरायची असते. आणि मावशी ‘व्हतं’ म्हणाल्या तर त्यांना ‘होतं’ म्हणायला लावू नकोस. त्यांच्या गावातली बाई आपली बोली रेडिओवर ऐकते, तेव्हा हातातलं काम थांबवून आवाज मोठा करते. कार्यक्रम कोणत्या दिवशी, किती वाजता लागणार, हे त्यांना आधी सांगायचं. ही शिस्त मी मोठी मानतो.

बारामतीची वसुंधरा वाहिनी, म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, यांपैकी एका तरी केंद्रात दिवसभर बसून ये. निवेदकांपेक्षा फोन घेणाऱ्यांकडं लक्ष दे.

राहिलं ते मे महिन्याचं. माझं ठाम मत आहे की कॉलेजचे रेडिओ पैशांपेक्षा परीक्षांपायी जास्त बंद पडतात. टी. वाय.ची मुलं जातात, त्यांच्याबरोबर पासवर्ड जातात, कन्सोलवर, म्हणजे आवाज मिसळायच्या यंत्रावर, कुठला फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) कशाचा हे जातं. म्हणून आत्ताच, जुलैतच, एफ. वाय.ची दोन मुलं कन्सोलवर बसव. चुकू देत. दिवसाचे आठ तास भरायचा हट्ट सोड. दोनच तास ठेव, पण ठरल्या मिनिटाला सुरू होणारे. साडेसहाला ‘पाणी-वीज’ म्हणालीस तर परीक्षेच्या दिवशीही साडेसहाला लागलंच पाहिजे, कारण कुणीतरी त्यावर पंप सुरू करायची वेळ ठरवत असेल. मुलाखती आणि भजनं परीक्षांसाठी फेब्रुवारीपासून साठवत जा. प्रसारित झालेलं प्रत्येक रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवणं नियमानं बंधनकारक आहे. फाइलच्या नावात तारीख, बोलणाऱ्याचं गाव आणि विषय घातलास तर पुढच्या मुलांनाही ते सापडेल.

नवं वेळापत्रक या रविवारपर्यंत पाठव, सोबत ते वर्तुळ काढलेला नकाशाही. मावशींची मुलाखत न कापता पाठव, मला पूर्ण ऐकायची आहे.

तुझा,
सर