कपाट आवरलं तरी आठ दिवसांत पुन्हा पसरतं, कोणते डबे घेऊ?

तुम्ही लिहिलंय की गावाकडून ज्वारी-डाळ येते, महिन्याचा किराणाही भरता, पण स्वयंपाकघरातलं भिंतीतलं कपाट आवरलं की आठ दिवसांत तुरीच्या डाळीची तीन अर्धवट पुडकी निघतात आणि रव्यात जाळी झालेली असते. म्हणून एकसारखे डबे घ्यायचा विचार आहे.

डबे आत्ताच घेऊ नका. मी लातूरची. आमच्याकडेही शेतातलं धान्य आणि दुकानातला किराणा असं दोन्ही येतं. मी आधी डबेच आणले होते आणि त्यानं काही फरक पडला नाही. त्यामागचं कारण आत्याबाईंनी (सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो) दाखवलं. कपाट उघडून त्या एवढंच म्हणाल्या, "वर्षाचं आन् रोजचं एकाच फळीवर कशाला ठिवलंस?"

गावातल्या घरात हे आपोआप वेगळं असतं. ज्वारी-गहू कोठीत, डाळी पत्र्याच्या मोठ्या डब्यांत, आणि चुलीजवळ फक्त चार-आठ दिवसांचं. शहरातल्या दोन खोल्यांत सगळं एका कपाटात येतं. मग मोठ्या पिशवीमागे छोटी पुडी दडते, ती दिसत नाही म्हणून दुसरी आणली जाते. त्यामुळे आधी साठवण वेगळी काढा. पलंगाखाली, माळ्यावर, कोरड्या कोपऱ्यात पाटावर, कुठेही चालेल, फक्त मोरीच्या भिंतीला लागून नको. कपाटात पंधरा दिवसांपुरतंच ठेवायचं.

आवरायला कडक उन्हाचा दिवस धरा. सगळं चादरीवर काढा, एका जातीचं एका जागी करा. फळ्या कोरड्या फडक्यानं पुसा. ओल्या फडक्यानं पुसल्या तर कपाट दिवसभर उघडं राहू द्या. कोपऱ्यांतलं आणि फळीच्या फटींतलं पीठ जुन्या ब्रशनं काढाच, किडे तिथूनच पुन्हा चढतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. जुन्यावर नवीन ओतू नका. मी एकदा डब्यात तळाला राहिलेल्या अर्धा किलो हरभऱ्यावर नवा पाच किलो ओतला. पावसाळ्यात डबा उघडला तर दाण्यादाण्याला गोल भोक होतं. भुंग्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडी घालते, अळी आत शिरते, आतच तिचा भुंगा होतो आणि तो भोक पाडून बाहेर येतो. कडधान्य उजेडात धरून बघा. दाण्यावर पांढरे चिकट ठिपके दिसले तर ती अंडी आहेत. असं पुडकं चांगल्या मालाशेजारीही ठेवू नका. डबा पूर्ण रिकामा करायचा, पुसायचा, वाळवायचा, मगच नवीन भरायचं. उरलेलं मूठ-दोन मूठ वाटीत काढून त्याच आठवड्यात संपवायचं.

साठवणीची वेळ आपल्याकडे चांगली जुळून येते. तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, शाळू ज्वारी आणि गहू फेब्रुवारी-मार्चपासून. एप्रिल-मेचं ऊन दोन-तीन दिवस पुरेसं होतं. मृग लागायच्या आत भरून झालं पाहिजे. ऊन दिलेलं धान्य गरम असताना भरू नका, झाकणाला आतून पाणी सुटतं. रात्रभर गार होऊ द्या. तांदळाला मात्र ऊन देऊ नका, त्याचा तुकडा पडतो, सावलीत पसरा. तुरीच्या डाळीला आणि गव्हाला एरंडेल तेलाचा हात चोळतात, ते फार उपयोगी आहे. वापरताना धुवून घ्यायचं. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कडकडीत वाळवलेलाच, ओल्या पाल्यानं बुरशी येते.

एक कळकळीनं सांगते. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात आणू नका. हवेतल्या दमटपणानंही त्यांतून गॅस सुटतो आणि बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो. कुणी कितीही सवयीनं वापरत असलं तरी नको.

रवा, मैदा, बेसन ही दुकानातून आणलेली पुडकी फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवून मग डब्यात भरा. आतली अंडी मरतात, जाळी धरत नाही. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांचंच दळून आणा. जुनं झालं की विरी (पिठाचा चिकटपणा) जाते, भाकरी थापताना चिरते. बाजरीचं तर त्याहून कमी, ते लवकर कडू होतं. करडईचं तेल आणि शेंगदाणे गॅसपासून लांब, खालच्या फळीवर. उन्हाळ्यात गॅसच्या वरची फळी फार तापते, तिथे फक्त मीठ आणि भांडी ठेवा. येसर (आमटीत घालायचं भाजक्या धान्य-डाळीचं मसाल्याचं पीठ) आणि काळा मसाला काचेच्या बरणीत, पण उजेडाला नाही.

कुरडया, पापड, खारोड्या यांना एक वेगळा मोठा डबा लागतो. तो वर्षातून मोजक्या वेळा निघतो, म्हणून सगळ्यांत वर.

डब्यांवर नाव लिहायची गरज नाही, ते उघडल्यावर कळतंच. झाकणाखाली भरल्याचा महिना लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आणि महिनाभर घरातल्याच जुन्या बरण्यांवर चालवा. दर पंधरवड्याला काय किती लागतं ते तेवढ्यात कळेल, तेव्हा त्या मापाचे डबे घ्या. आमच्या चार माणसांच्या घरात मला शेवटी फक्त सहाच घ्यावे लागले.