किंडल कीबोर्ड : रीसेटची घाई करू नका

तुमचा २०१०चा किंडल कीबोर्ड, म्हणजे ॲमेझॉनचे ई-पुस्तके वाचायचे यंत्र, तीन वर्षे कपाटात पडून आहे, पडद्यावर एकच चित्र अडकले आहे, आणि पूर्वी तो चालायचा तेव्हाही मराठी पुस्तकांत चौकोनच दिसत. रीसेट करू का, असे तुम्ही विचारले आहे. आत्ता मुळीच करू नका. रीसेटने आतली पुस्तके पुसली जातील, ॲमेझॉन खात्याशी असलेली नोंदणीही जाईल, आणि इतक्या जुन्या सॉफ्टवेअरवर ती पुन्हा होईलच याची खात्री नाही.

चित्र अडकले म्हणजे पडदा गेला असे नव्हे. किंडलचा पडदा ई-इंकचा, म्हणजे कागदासारखा दिसणारा; त्याला चित्र टिकवायला वीज लागत नाही. बॅटरी संपली की शेवटचे चित्र तसेच राहते. साध्या ५ व्होल्टच्या चार्जरला किमान चार तास लावून ठेवा. नारिंगी दिवा लागायला वेळ लागू शकतो. लागलाच नाही तर आधी केबल बदलून पाहा. मग खालचे सरकते बटण २० सेकंद धरून ठेवा. सुरू झाल्यावर ऑल्ट+जी दाबून पडदा ताजा करा. तरीही त्याच जागी रेघा राहिल्या तर पडदाच फुटला आहे. त्यावर पैसे घालू नका.

मागचे झाकण फुगले असेल तर चार्जिंगला लावूच नका. बॅटरी फुगली असेल, ती बदला. नवी १७५० एमएएचची घ्या, क्रमांक १७०-१०३२-०१. झाकण प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेकडेने उचकटायचे, आत दोन बारीक स्क्रू. सोल्डरिंग लागत नाही.

नवी बॅटरीही दोन दिवसांत उतरत असेल, तर बहुधा एखादी बिघडलेली फाइल अनुक्रमणीत (शोधासाठी किंडल पुस्तकांतल्या शब्दांची जी यादी बनवतो, तिच्यात) अडकलेली असते. होम पडद्यावर कुठलाही निरर्थक शब्द शोधा. अनुक्रमणी न झालेल्या पुस्तकांची संख्या दिसेल. काही तासांनीही ती घटली नाही तर शेवटी टाकलेल्या फाइली एकेक करून काढा.

आता मराठीचे. यात देवनागरी नीट दाखवण्याची, जोडाक्षरे जुळवण्याची सोय नाही. म्हणून मजकूर संगणकावर लिबरऑफिस या मोफत लेखन-सॉफ्टवेअरमध्ये घ्या, पान ९ × १२ सेंमी, चारही समास ३ मिमी, फॉन्ट ‘मुक्त’ (Mukta) मीडियम वजनाचा, ११ किंवा १२ पॉइंट, आणि पीडीएफ काढून यूएसबीने ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये टाका. फॉन्ट पीडीएफमध्येच बसतो, त्यामुळे ‘र्‍या’ आणि ‘क्ष’ नीट उमटतात. बारीक वजनाचा फॉन्ट टाळा. इंचाला १६७ ठिपक्यांच्या पडद्यावर वेलांट्या तुटक दिसतात. तरी फिकट वाटले तर ‘एए’ कळ दाबून कॉन्ट्रास्ट वाढवा. स्कॅन केलेले मोठे पान त्याच कळीने आडवे करून वाचता येते, पण अर्धे-अर्धे सरकवत. सलग कादंबरीसाठी ते फार कष्टाचे आहे.