वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकांची उत्तरे : सहा पिल्लांतून एक निवडताना

प्रश्न : आमच्या परिचितांच्या लॅब्रॅडॉर कुत्रीला सहा पिल्ले झाली असून ती आता पाच आठवड्यांची आहेत. आम्ही ती पाहायला गेलो, तेव्हा एक पिल्लू सर्वांच्या पुढे धावत आले आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या बुटाची नाडी ओढू लागले. ‘त्यानेच मला निवडले आहे,’ असे म्हणून मुलगा हटून बसला आहे. सर्वांत लहान पिल्लू मात्र कोपऱ्यात एकटे बसून होते आणि सासूबाईंचा जीव त्याच्यावर जडला आहे. त्यांना गुडघेदुखी असल्यामुळे फार दांडगा कुत्रा झेपणार नाही. मालक म्हणतात, हवे ते आजच घेऊन जा. आम्ही कोणते पिल्लू घ्यावे?

उत्तर : सर्वप्रथम कळकळीची विनंती, आज कोणतेही पिल्लू घरी आणू नका. पाचव्या आठवड्यात पिल्लू आईचे दूध कमी करून स्वतः खाऊ लागते, म्हणून ते न्यायला तयार झाले असा अनेकांचा समज होतो. परंतु पाचव्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत ते भावंडांकडून जे शिकते, ते नंतर शिकवणे माणसाला फार जड जाते. खेळताना भावंडाचा कान जोरात चावला, तर ते केकाटते आणि खेळ सोडून निघून जाते. आईच्या अंगाशी अति केले, तर ती गुरगुरते. अशा असंख्य लहान प्रसंगांतून पिल्लाला आपल्या जबड्याचा जोर आवरता येऊ लागतो. तुमच्या घरात सहा वर्षांचे मूल आहे, त्यामुळे हे शिक्षण पूर्ण होऊ देणे तुमच्याच हिताचे आहे. मालकांशी बोलून आठ आठवडे पूर्ण होईपर्यंतची मुदत घ्या आणि त्या काळात निदान दोनदा, शक्यतो दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, तेथे जाऊन या.

पुन्हा जाल तेव्हा पिल्लांच्या आधी त्यांच्या आईकडे पाहा. मालक जवळ असताना ती तुम्हाला पिल्लांजवळ बसू देते का, हुंगून शेपटी हलवते का, की अंग चोरून दूर जाते? भित्रेपणा काही अंशी रक्तातून येतो आणि काही अंशी आईच्या वागण्यातून पिल्लांत उतरतो. शांत आणि माणसाळलेल्या आईचे कोणतेही साधारण पिल्लू मी घाबरट आईच्या सर्वांत देखण्या पिल्लापेक्षा आनंदाने निवडीन. पिल्ले वाढतात कोठे, हेही विचारा. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या काळात पिल्लाच्या मनात ‘हे जग ओळखीचे आहे’ ही जाणीव रुजते. घरातच वाढलेली, मिक्सरचा आवाज, दाराची घंटा आणि मुलांचा गोंगाट ऐकलेली पिल्ले आणि मागच्या बंद शेडमध्ये ठेवलेली पिल्ले यांच्यात दोन महिन्यांतच मोठा फरक पडलेला असतो.

आता तुमच्या मुलाच्या पिल्लाविषयी. जे पिल्लू सर्वांत आधी धावत येते, ते कदाचित सर्वांत धीट असेल, कदाचित नुकतेच झोपून उठले असेल किंवा त्या वेळी सर्वांत भुकेले असेल. त्याचप्रमाणे कोपऱ्यात बसलेले पिल्लू लाजाळूच असेल असे नाही. कदाचित पाच मिनिटांपूर्वीच ते मनसोक्त खेळून दमलेले असेल. अर्ध्या तासाच्या भेटीत दिसते ती त्या अर्ध्या तासाची अवस्था, तो स्वभाव नव्हे. सातव्या आठवड्यात पिल्लांच्या स्वभावाच्या चाचण्या घेण्याची पद्धत आहे, पण पुढे मोठेपणी कुत्रा कसा वागेल हे सांगण्यात त्या फारशा विश्वसनीय ठरलेल्या नाहीत. काही जण पिल्लाला उताणे दाबून धरतात आणि ते धडपडले तर ‘हे वरचढ होणार’ असा निष्कर्ष काढतात. कृपा करून असे करू नका. पिल्लांसोबत पाच आठवडे काढलेल्या मालकांनाच विचारा : खाताना कोण दुसऱ्याला ढकलते, कोण लवकर शांत होते, कोण माणसाच्या मांडीवर स्वतःहून येऊन झोपते?

त्यानंतर प्रत्येक पिल्लाला थोडा वेळ भावंडांपासून वेगळ्या खोलीत न्या, कारण घोळक्यातले धाडस एकटे पडल्यावर टिकतेच असे नाही. जमिनीवर बसा आणि काही न बोलता थांबा. थोड्या अंतरावर किल्ल्यांचा जुडगा पडू द्या. पिल्लू दचकले तर त्यात काही वावगे नाही, दचकणे निरोगी आहे. काही क्षणांत सावरून ते जुडगा हुंगायला येते का, हे महत्त्वाचे. बराच वेळ थरथरत राहणारे पिल्लू तुमच्या गजबजलेल्या घरात कष्टी होईल, तर क्षणभरही न थांबता उड्या मारणारे आणि उचलून घेतल्यावरही शांत न होणारे पिल्लू सासूबाईंना पेलणार नाही. जे येते, हुंगते, खोलीत फिरून पुन्हा तुमच्याकडे परतते आणि कुशीत घेतल्यावर थोड्याच वेळात सैल पडते, ते तुमच्यासाठी. मात्र लॅब्रॅडॉर पुढे पंचवीस ते पस्तीस किलोंचा होतो, हे ध्यानात असू द्या. साखळी न ओढता चालणे निवडीने मिळत नाही, ते रोजच्या शिकवण्यातूनच येते.

सर्वांत लहान पिल्लाला केवळ लहान म्हणून नाकारू नका आणि केवळ दया आली म्हणून आणूही नका. मालकांनी वजनाची नोंद ठेवली असेल, तर ती पाहा. जन्मतः कमी असूनही ते नियमित वाढत असेल, तर बहुधा चिंतेचे कारण नाही; वाढ खुंटली असेल, तर हृदयाची आणि तोंडातील टाळूची तपासणी झाल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

पिल्लू हातात घेतल्यावर डोळे आणि नाक स्वच्छ आहेत ना, हे पाहा. गुलाबी हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. फासळ्या दिसत असूनही पोट ढोलासारखे ताणलेले असेल, तर जंतांची शंका घ्यावी. जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला आणि पहिली लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात, असा साधारण क्रम असतो. तारखा लेखी मागा. आईवडिलांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे काढले आहेत का, हे लॅब्रॅडॉरच्या बाबतीत आवर्जून विचारा, कारण पिल्लाचे खुबे चाचपून त्यांचे भवितव्य सांगता येत नाही.

ऐकण्याविषयी एक अनुभव सांगतो. डाल्मेशियनच्या एका वेतातील पिल्ले मी तपासत होतो. सातही पिल्ले एकमेकांवर झोपली होती. मी खाण्याची ताटली वाजवताच सहा उठली आणि त्यांच्या धक्क्याने सातवेही उठले. मालकांना काहीच वेगळे जाणवले नव्हते. तेच पिल्लू एकटे झोपलेले असताना ताटली वाजवली, तेव्हा त्याचा कानही हलला नाही. लॅब्रॅडॉरमध्ये जन्मजात बहिरेपण क्वचितच आढळते, तरी ही तपासणी पिल्लू एकटे असतानाच करावी.

मुलाचे मन मोडू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीला त्याला सोबत न्या आणि कोणते पिल्लू काय करते, याची वही त्याच्याकडे द्या. कदाचित नाडी ओढणारेच पिल्लू तीनही भेटींत सर्वांत योग्य ठरेल.

प्रश्न : एकाच वेतातील दोन पिल्ले आणली, तर त्यांना एकमेकांची सोबत होईल का?

उत्तर : सोबत होईल, पण बहुधा तुमच्याऐवजी एकमेकांचीच. माझा सल्ला एकाचाच आहे. दोन आणायचीच असतील, तर रोज दोघांना वेगवेगळे फिरवण्याची, शिकवण्याची आणि झोपवण्याची तयारी हवी. दुसरे पिल्लू वर्ष-दीड वर्षाने आणल्यास पहिल्याचे शिक्षण झालेले असते.

प्रश्न : विक्रेता फक्त छायाचित्रे पाठवतो आणि पिल्लू अर्ध्या वाटेत आणून देतो म्हणतो. आई दाखवायला तयार नाही.

उत्तर : हे पिल्लू घेऊ नका. पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची लागण झालेले पिल्लू लक्षणे दिसण्यापूर्वी साधारण तीन ते सात दिवस अगदी ठणठणीत दिसू शकते. अशा पिल्लाला तुम्ही वाटेत हातात घ्याल, तेव्हा ते शेपटी हलवत असेल आणि चौथ्या दिवशी त्याला रक्ताचे जुलाब सुरू झालेले असतील. पिल्ले जेथे वाढली, ती जागा आणि त्यांची आई दाखवणारा दुसरा माणूस भेटेपर्यंत थांबा, मग त्याला कितीही महिने लागोत.