ताबुताआधीची गोष्ट

प्रश्न : कडेगावच्या मोहरमात मी लहानपणापासून ताबुतांच्या भेटी बघतोय. हुसैन यजीदशी लढले, एवढं ठाऊक आहे. पण खलिफा, म्हणजे पैगंबरांनंतरचा मुस्लिमांचा प्रमुख, तर सल्लामसलतीनं ठरत ना? मग बापामागं मुलगा, हे कधी शिरलं?
– एक वाचक, कडेगाव (जि. सांगली)

उत्तर : मी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर लिहायचो : ‘इ.स. ६६१ – घराणेशाही सुरू’. ते चुकलंच. ६६१मध्ये मुआविया खलिफा झाले ते चौथे खलिफा अलींच्या हत्येनंतर, अलींचे मुलगे आणि हुसैन यांचे थोरले भाऊ हसन यांच्याशी तह करून. मुलाचा, म्हणजे यजीदचा, विषय आला पंधराएक वर्षांनी.

आधीची सल्लामसलतही गावसभेसारखी नव्हती बरं. ६४४मध्ये दुसरे खलिफा उमर यांनी जखमी असताना निवड सोपवली अवघ्या सहा जणांवर. सगळे मक्केच्या कुरैश टोळीतले. पैगंबरांना आसरा देणाऱ्या मदिनेकरांपैकी, म्हणजे अन्सारींपैकी, एकही नाही. पण एक अट मला फार मोलाची वाटते : उमर यांच्या मुलानं, अब्दुल्लानं, सल्ला द्यावा, उमेदवार मात्र व्हायचं नाही.

मुआवियांनी नेमकी हीच अट उलटी केली. वीस वर्षं सीरियाची सुभेदारी केलेला माणूस. तिथली फौज त्यांची, बलाढ्य कल्ब टोळी यजीदचं आजोळ. गंमत अशी, की त्यांनी जुनी रीत मोडली नाही. बैअत, म्हणजे हातात हात देऊन निष्ठेची शपथ, तशीच ठेवली. फक्त स्वतः हयात असतानाच ती यजीदच्या नावानं घ्यायला लावली. निवडायला दुसरं नावच नाही, मग शपथेला अर्थ काय उरला?

मदिनेत हे गळी उतरवायचं काम सुभेदार मरवानकडे होतं. पहिले खलिफा अबू बकर यांचा मुलगा अब्दुर्रहमान त्याला तोंडावर म्हणाला, ही तर रोमच्या कैसरांची तऱ्हा, असं जुने इतिहासकार सांगतात. हुसैन आणि अब्दुल्ला बिन जुबैर यांनीही शपथ नाकारली. ६८०मध्ये मुआविया वारले आणि त्याच वर्षी करबला घडलं, यजीदच्या फौजेनं हुसैन यांना मारलं.

तरी गादी पक्की झाली नव्हतीच. यजीद ६८३मध्ये गेला, त्याचा मुलगा काही महिन्यांत. सीरियाचे सरदार ६८४मध्ये जाबियाला जमले, खल झाला आणि निवड झाली त्याच मरवानची! बोली अशी, की पुढं यजीदचा धाकटा मुलगा खालिद. मरवाननं खालिदला बाजूला सारलं आणि वारस नेमले ते स्वतःचे दोन मुलगे.