ब्रश करताना रक्त येतं, दात पिवळट दिसतात, आणि घरचे म्हणतात दात साफ करून घेतले की सैल होतात. काय करू?

तुम्ही लिहिलंय की वय सत्तावीस, लग्न चार महिन्यांवर आलंय आणि फोटोत ओठ मिटूनच हसता. खालच्या पुढच्या दातांपाशी रक्त येतं म्हणून तेवढा भाग सोडून ब्रश करता. आई आणि मावशी दोघी दात साफ करून घ्यायला विरोध करतात. लिंबू-सोड्याने दात पांढरे होतील का हे विचारलंय, आणि शेवटी आईच्या मशेरीबद्दलही.

मी दातांची डॉक्टर आहे, काम मुख्यतः हिरड्यांचं. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते, त्यामुळे हे सगळे प्रश्न रोज कानावर पडतात. आधी हिरड्या बऱ्या करा, रंगाचं नंतर बघू. चार महिने त्याला भरपूर आहेत. फक्त हा क्रम उलटा करू नका.

रक्तापासून सुरुवात करते, कारण तुमची सगळ्यात मोठी अडचण तीच आहे आणि तिच्यावर तुम्ही नेमका उलटा उपाय करताय. दात घासल्यावर काही तासांतच त्यावर जंतूंचा चिकट, जवळजवळ न दिसणारा थर पुन्हा बसायला लागतो. तो हिरडीच्या कडेला तसाच राहिला की हिरडी सुजते, लाल होते, आणि सुजलेल्या हिरडीला ब्रशचा केस लागला तरी रक्त येतं. म्हणजे ब्रशने जखम झाली असं नसतं, आधीच सुजलेल्या जागी ब्रश लागलेला असतो. ती जागा टाळली की थर वाढतो, सूज वाढते, रक्त आणखी येतं. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. हिरड्या निरोगी असलेल्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर आठवडाभरात त्या पूर्वीसारख्या झाल्या. हिरड्यांच्या शास्त्रात आम्ही शिकतो त्यातलं बरंचसं या एका प्रयोगावर उभं आहे. तेव्हा रक्त येतं तिथेच मऊ ब्रश हलक्या हाताने जास्त वेळ फिरवायचा. पहिले चार-पाच दिवस बेसिनमध्ये लाल दिसेल. घाबरू नका, मग कमी होत जाईल.

हे सगळ्यांना लागू पडत नाही. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या जास्त सुजतात. ब्लडप्रेशरची अम्लोडिपिन किंवा फिटची फेनिटॉइन घेणाऱ्या काही जणांच्या हिरड्या अक्षरशः वाढून दातांवर येतात. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखरही लवकर खाली येत नाही. हिरड्यांबरोबर नाकातूनही रक्त येत असेल, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठत असतील, तर आधी रक्त तपासून घ्या.

आता दात साफ करण्याविषयी. त्याला आम्ही स्केलिंग म्हणतो. तुमच्या आईचं आणि मावशीचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यांनी जे पाहिलंय ते खरंच घडतं. कारण मात्र वेगळं आहे.

जंतूंचा तो थर वेळेवर निघाला नाही की लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि त्याचं कडक किटण होतं. बोअरच्या पाण्याचे क्षार बादलीला बसतात आणि मग घासून जात नाहीत, अगदी तसं. लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं जिथे उघडतात तिथे ते जास्त साचतं. एक जागा खालच्या पुढच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू, आणि दुसरी वरच्या दाढांची गालाकडची बाजू. तुमचं रक्त नेमकं खालच्या पुढच्या दातांपाशी येतं, त्यामुळे आत किटण असणार असा माझा अंदाज आहे. छोटा आरसा तोंडात धरून मोबाइलच्या उजेडात बघा. दातांच्या मुळाशी पिवळट-तपकिरी, खरखरीत काठ दिसेल.

साठीतल्या एका आजींचं उदाहरण सांगते. खालच्या सहा दातांना आतून किटणाची एकच सलग लादी होती, दोन दातांमधली फट कुठे आहे हेही कळत नव्हतं. ती लादी निघाली आणि आजींनी जीभ लावून बघितली. दातांमध्ये फटी, वारा लागतोय, मधला दात हलतोय. "येताना घट्ट होते की गं," म्हणाल्या. मी कामाआधी काढलेला एक्स-रे त्यांच्यासमोर धरला. दात ज्या हाडात बसलेले असतात ते हाड निम्म्याहून खाली गेलेलं होतं. ते काही वर्षं हळूहळू झिजत होतं, दुखत नव्हतं म्हणून कळलं नव्हतं, आणि त्या लादीनेच दात एकमेकांना जखडून ठेवले होते. ती तशीच ठेवली असती तर आणखी काही वर्षांनी दात लादीसकट हातात आले असते. आमच्याकडे लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो हाच. गावात अशा दहा बायका भेटल्या की "साफ केलं आणि दात हलले" ही गोष्ट पक्की होते. म्हणूनच मी कोणालाही एक्स-रे दाखवल्याशिवाय हात लावत नाही, आणि तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना आधी दाखवायला सांगा.

स्केलिंगचं यंत्र दात घासत किंवा कापत नाही. त्याचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं, त्या कंपाने किटण सुटतं आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन जातं. तुमच्या वयात बहुतेक वेळा सूज हिरडीपुरतीच असते, हाडापर्यंत पोचलेली नसते. तसं असेल तर एका बैठकीत काम होतं. नंतर काही दिवस गार पाण्याने झिणझिण्या येतील, त्या आपोआप जातात. डॉक्टरांनी बारीक खुणा असलेली सळई हिरडीच्या कडेने फिरवून खोली मोजली का, हे बघा. एक ते तीन मिलिमीटर भरली तर ठीक. चार किंवा त्याच्या पुढे भरली तर नुसतं वरवरचं साफ करून भागत नाही, हिरडीखालीही साफ करावं लागतं आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजावं लागतं. खर्चाची काळजी असेल तर मुंबईतलं नायर दंत महाविद्यालय किंवा मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली हे काम करतात, खाजगीपेक्षा फारच कमी पैशांत, आणि चांगलं करतात. वेळ मात्र काढून जावं लागतं.

घासायची पद्धत शब्दांत सांगणं अवघड आहे, तरी सांगते. ब्रश मऊच घ्या. केस निम्मे दातावर आणि निम्मे हिरडीच्या कडेवर येतील असा तिरका धरा. पेन धरतो तसा बोटांत धरा, मुठीत धरला की जोर जास्त लागतो. एका जागी दोन दातांवर ठेवून जागच्या जागी बारीक थरथरवा, मग पुढचे दोन दात. खालच्या पुढच्या दातांना आतून घासताना ब्रश उभा करा आणि त्याच्या टाचेकडचे केस वापरा. जवळजवळ सगळ्यांची ही बाजू राहून जाते. रात्री झोपताना घासणं सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी सुटते. पेस्ट फ्लोराइडची असावी. घासल्यावर फक्त थुंका, खळखळून चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. दोन दातांच्या मधे ब्रश पोचतच नाही, तिथे दिवसातून एकदा फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीतून फिरवायचा दोरा, किंवा फटीत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश हवा. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायच्या तर करा, बरं वाटतं, पण किटण त्याने निघत नाही. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डॉक्टरांनी दिलं तर सांगितले तेवढेच दिवस वापरा, रोजचं करून टाकलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चवही जाते.

रंगाकडे येते. पिवळेपणा सगळा एका जातीचा नसतो. चहा, कॉफी, तंबाखूचे वरवरचे डाग स्केलिंग आणि पॉलिशमध्येच निघतात, आणि बऱ्याच जणांना मग आणखी काही करावंसंच वाटत नाही. दुसरा पिवळेपणा दाताचा स्वतःचा असतो. वरचं इनॅमल अर्धपारदर्शक आणि त्याखालचं डेंटिन मुळातच पिवळसर. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं आणि पिवळं जास्त दिसतं, त्यात आजार काही नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे लहानपण गेलेल्यांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे असतात. तिथल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि दात घडत असताना ते पोटात गेलेलं असतं. ते डाग घासून जात नाहीत, त्यांचे उपचार वेगळे. आणि एकच दात काळपट झाला असेल तर लहानपणी मार लागून त्याची नस मेली असण्याची शक्यता मोठी. तो एक्स-रे काढूनच बघायचा.

लिंबू-सोडा कृपा करून करू नका. लिंबाचा रस इतका आंबट असतो की इनॅमल त्यात विरघळायला लागतं, आणि विरघळायला लागलेल्या पृष्ठभागावर सोडा घासला की ते निघून जातं. पहिले काही दिवस दात उजळ वाटतात, मग उलट जास्त पिवळे दिसतात, कारण वरचा थरच पातळ झालेला असतो. तो पुन्हा उगवत नाही. कोळशाच्या पावडरीने आणि राखेनेही झीजच होते. लिंबू सरबत प्यायल्यावरसुद्धा लगेच ब्रश करू नका, साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास थांबा.

हिरड्या बऱ्या झाल्यावर, म्हणजे स्केलिंगनंतर तीन-चार आठवड्यांनी, दात तरीही पिवळे वाटले तर डॉक्टरांकडून ब्लीचिंग करून घेता येतं. त्यात पेरॉक्साइडचं औषध असतं, योग्य प्रमाणात आणि देखरेखीखाली केलं तर सुरक्षित आहे. काही दिवस दात शिवशिवतात, म्हणून लग्नाच्या आदल्या आठवड्यात करू नका, महिनाभर आधी करा. कॅपचा किंवा सिमेंटचा रंग त्याने बदलत नाही. सुजलेल्या हिरड्यांवर ब्लीचिंग करून देणारा कोणी भेटला तर तिथून उठून या.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. लग्न जवळ आलं की पुढचे निरोगी दात तासून त्यांवर पांढऱ्याशुभ्र कॅप बसवायचा सल्ला मिळतो. दात वाकडेतिकडे, तुटलेले किंवा फारच डागाळलेले असतील तर तो उपचार आहे. नुसत्या पिवळटपणासाठी सत्ताविसाव्या वर्षी चांगले दात कमी करून घेऊ नका. त्या कॅप आयुष्यभर टिकत नाहीत, पुन्हा पुन्हा बदलाव्या लागतात, आणि तासलेला दात परत पूर्वीसारखा होत नाही. गुलाबी, घट्ट हिरड्या आणि स्वच्छ दात असले की किंचित पिवळसर रंगाचं हसूही सुंदर दिसतं. रोज माणसांची तोंडं बघून हे सांगते आहे.

आता आई. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू, आणि बहुतेक बायकांना ती पहिल्यांदा दाढदुखीवर कोणीतरी दिलेली असते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून मशेरी लावणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि "माझ्या हिरड्या घट्ट आहेत" असं वाटतं. आतलं हाड झिजतच असतं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला १९९२ पासून कायद्याने बंदी आहे, ती उगाच घातलेली नाही. आईला रागावून काही होणार नाही. दुखणारी दाढ आधी बरी करून घ्या, मग मशेरी सुटायला सोपं जातं. १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत फोन आहे, तिथे बोलता येतं.

उजेडात आईचा खालचा ओठ उलटून बघा, गालांच्या आतून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट लागलं की होणारी आग, किंवा तोंड पूर्वीसारखं मोठं न उघडणं, यांतलं काहीही दिसलं तर तुमच्या लग्नाच्या तयारीआधी तिला दाखवा. तुमची वेळ घ्याल तेव्हा तिचीही त्याच दिवशी घ्या, आणि त्याआधी तिची रक्तातली साखर तपासून रिपोर्ट बरोबर न्या. दाढ काढायची वेळ आली तर डॉक्टर तो आधी मागतीलच.